दुर्लक्षित जुना पिकअप ट्रक अल्प खर्चात रस्त्यायोग्य करणे : शेव्हरोले अ‍ॅडव्हान्स-डिझाइन मालिकेच्या (१९४७-१९५५) संदर्भात एक विवेचन

सारांश

अनेक वर्षे शेडमध्ये किंवा उघड्यावर पडून राहिलेले जुने मालवाहू वाहन पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम बहुधा इंजिनापासून सुरू केले जाते. इंजिन सुरू झाले की वाहन 'जिवंत झाले' असे मानले जाते आणि उपलब्ध रकमेचा मोठा भाग तेथेच खर्ची पडतो. प्रस्तुत लेखात या प्रचलित क्रमाची चिकित्सा करून थांबणे, वळणे, दिसणे आणि शेवटी चालणे असा उलट क्रम मांडला आहे. हा क्रम केवळ सुरक्षिततेच्याच नव्हे, तर काटकसरीच्या दृष्टीनेही अधिक योग्य कसा ठरतो, याचे विवेचन अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या अ‍ॅडव्हान्स-डिझाइन मालिकेतील अर्ध्या टनी पिकअप ट्रकच्या आधारे केले आहे.

महत्त्वाचे शब्द : पिकअप ट्रक, रस्त्यायोग्यता, जीर्णोद्धार, ड्रम ब्रेक, सहा व्होल्ट प्रणाली, खर्चनियोजन.

प्रस्तावना

जुन्या वस्तूंविषयी मानवी मनात एक स्वाभाविक ओढ असते. जुना वाडा, जुने नाणे, जुने हस्तलिखित यांच्या जतनाबाबत आपल्याकडे बराच विचार झालेला आहे. त्या मानाने जुन्या यंत्रांच्या जतनाचा विचार कमी झाला आहे. त्यातही जुन्या मोटारी म्हटल्या की संस्थानिकांच्या शाही गाड्या डोळ्यांसमोर येतात. शेतमाल, दुधाचे कॅन, विटा, लाकूड वाहून नेणारा साधा पिकअप ट्रक या विचारातून वगळलाच जातो. वास्तविक विसाव्या शतकाच्या मध्यातील ग्रामीण जीवन घडविण्यात अशा वाहनांचा वाटा फार मोठा आहे.

वाहन जतन करणे आणि इमारत जतन करणे यांत एक मूलभूत फरक आहे. इमारत स्थिर असते. वाहन मात्र चालविले जाते, आणि ते इतरांच्या रस्त्यावरून चालविले जाते. त्यामुळे येथे हौस ही केवळ खाजगी बाब राहत नाही. अपुऱ्या ब्रेकचा जुना ट्रक रस्त्यावर आला, तर त्याची किंमत मालकाबरोबर रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही मोजावी लागते. मर्यादित रक्कम कोणत्या भागावर आधी खर्च करावी, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक आहे तसाच नैतिकही आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) 'रस्त्यायोग्य करणे' आणि 'जीर्णोद्धार करणे' या दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२) दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या वाहनाच्या निरनिराळ्या भागांत कोणते बिघाड होतात व का होतात, याचे विवेचन करणे.
३) दुरुस्तीचा क्रम व खर्चाची विभागणी यांबाबत व्यवहार्य आराखडा मांडणे.
४) कायदा व अध्यापन या दोन दृष्टींनी विषयाचा थोडक्यात विचार करणे.

१. अभ्यासासाठी निवडलेले वाहन

शेव्हरोलेने २८ जून १९४७ रोजी अ‍ॅडव्हान्स-डिझाइन मालिका बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्णतः नव्याने आखलेले कंपनीचे हे पहिले वाहन होते. १९५५ च्या मार्चमध्ये पुढील मालिका येईपर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन अशा तीन वर्गांत मिळणाऱ्या या मालिकेतील अर्ध्या टनी ट्रकचा क्रमांक ३१०० असा होता. अमेरिकेतील शेतकरी, सुतार, किराणा व्यापारी यांनी हा ट्रक मोठ्या प्रमाणावर वापरला. पुढे नवी वाहने आली आणि असंख्य ट्रक कोठारांत वा शेताच्या कडेला उभे राहिले. मूळ संख्याच मोठी असल्यामुळे त्यांचे नव्याने बनविलेले सुटे भाग अमेरिकेत आजही मिळतात. अल्प खर्चाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरते.

शेव्हरोलेचा मुंबईशीही जुना संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला होता आणि तो १९५४ मध्ये बंद झाला. म्हणजे या कंपनीच्या वाहनांची जुळणी सुमारे पाव शतक मुंबईत होत होती.

या ट्रकची रचना साधी आहे. शिडीसारखी पोलादी चासिस, पुढे-मागे पाटे, पुढे अखंड लोखंडी अ‍ॅक्सल, एका ओळीतील सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सहा व्होल्टची विद्युत प्रणाली एवढाच त्याचा संसार आहे. कोणताही भाग सामान्य पान्यांनी उघडता येतो. मात्र साधेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

२. रस्त्यायोग्यता आणि जीर्णोद्धार

जीर्णोद्धारात वाहन कारखान्यातून बाहेर पडताना जसे होते तशा स्थितीला नेण्याचा प्रयत्न असतो. त्यात रंग, क्रोम, आसनांचे कापड, मालकप्प्यातील लाकडी फळ्या अशा सर्व बाबी येतात. रस्त्यायोग्य करण्यात अपेक्षा मर्यादित असते. वाहन खात्रीने थांबावे, सरळ धावावे, इतरांना दिसावे आणि वाटेत पेट न घेता वा बंद न पडता परत यावे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. रंग उडालेला, पत्र्याला पोचे असलेला ट्रक पूर्णतः रस्त्यायोग्य असू शकतो. उलटपक्षी, आरशासारखा चकाकणारा ट्रक रस्त्यासाठी अत्यंत धोकादायक असू शकतो.

या भेदाला जतनशास्त्राचाही आधार आहे. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये संमत केलेली तुरीन सनद इमारतींच्या जतनविषयक सनदांच्या धर्तीवर रचलेली आहे. जतन आणि जीर्णोद्धार या क्रियांमध्ये ती स्पष्ट फरक करते व मूळ द्रव्य शक्य तितके राखण्यावर भर देते. त्यामुळे पैशाअभावी जुना रंग तसाच ठेवणारा मालक अनेकदा जतनाच्या तत्त्वालाच धरून वागत असतो. येथे काटकसर आणि इतिहासनिष्ठा परस्परविरोधी राहत नाहीत.

३. पहिली पाहणी : घ्यावा की सोडावा

अल्प खर्चाच्या उपक्रमात सर्वांत मोठी बचत वाहन घेण्यापूर्वी होते. इंजिन, गिअर बॉक्स, ब्रेक हे भाग बदलता येतात. चासिस गंजलेली असेल तर मात्र सगळाच हिशोब कोसळतो. म्हणून पाहणीची सुरुवात ट्रकच्या खालून करावी. चासिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर हातोडीने हलके ठोके देत जावे. निरोगी पोलादाचा आवाज खणखणीत येतो, तर आतून खाल्लेल्या पोलादाचा आवाज बद्द येतो. पाट्यांचे हँगर, सुकाणूची पेटी जेथे बसते ती जागा आणि केबिनचे आधार यांकडे विशेष लक्ष द्यावे. या मालिकेत केबिनचे मागील खालचे कोपरे आणि फरशीचा पत्रा गंजणे ही नेहमीची बाब आहे. तो पत्रा तयार मिळतो व वेल्डिंगने बसविता येतो, म्हणून केवळ त्या कारणाने वाहन नाकारण्याचे कारण नाही.

दुसरी पाहणी पूर्णतेची करावी. दाराचे कुलूप, काचेची यंत्रणा, मीटर, चाकांचे रिम असे किरकोळ वाटणारे भाग एकेक करून विकत घ्यावे लागले की त्यांची बेरीज इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षाही अधिक होऊ शकते. तिसरी पाहणी कागदपत्रांची. चासिस क्रमांक आणि नोंदणीपत्र यांचा मेळ बसत नसेल, तर उत्तम स्थितीतील वाहनही रस्त्यावर आणता येणार नाही.

४. थांबणे : ब्रेक प्रणाली

वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ट्रक व त्यावरील ओझे मिळून १,६०० किलो वजन धरल्यास ताशी ५० किलोमीटर वेगाला ही ऊर्जा सुमारे १.५ लाख ज्यूल, तर ताशी ७० किलोमीटरला सुमारे ३ लाख ज्यूल होते. वेग २० किलोमीटरने वाढला की ब्रेकवरील भार दुप्पट होतो. ही सर्व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने चार ड्रमांमधून बाहेर पडावी लागते. ज्या ब्रेकना अनेक वर्षे कोणी हात लावलेला नाही त्यांच्याकडून ही अपेक्षा करणे योग्य नव्हे.

उभ्या वाहनाचे ब्रेक का बिघडतात, हे समजून घेणे आवश्यक आहे. सामान्य ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे हे पाणी प्रणालीच्या सखल भागात, म्हणजे व्हील सिलिंडरमध्ये साचते. आतील बिडाच्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडतात, पिस्टन अडकतो व रबरी वॉशर कडक होतात. रबरी नळ्या बाहेरून धड दिसल्या तरी आतून सुजलेल्या असतात. त्यामुळे दाब एका दिशेने जातो, पण परत येत नाही आणि चाक जाम होते.

या ट्रकमध्ये आणखी एक गंभीर बाब आहे. त्याचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असून तो केबिनच्या फरशीखाली बसविलेला आहे. पुढील व मागील चाकांसाठी स्वतंत्र परिपथ नसल्याने कोठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. म्हणून येथे 'गळते तेवढेच बदलू' हे धोरण चालत नाही. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडरचे रबर, सर्व रबरी नळ्या आणि गंजलेल्या पोलादी नळ्या एकाच वेळी बदलाव्यात. सिलिंडरच्या आतील खड्डे उथळ असतील तर घासून ते पुन्हा वापरता येतात. खोल असतील तर नवा सिलिंडर घ्यावा. साधी तांब्याची नळी वापरू नये, कारण ती कंपनाने कडक होऊन तडकते. हँडब्रेक मागील चाकांवर केबलने चालतो. पायब्रेक निकामी झाल्यास तोच एकमेव आधार असल्याने त्याची केबल मोकळी व नीट जुळविलेली असणे अत्यावश्यक आहे.

सुटे भाग मागविताना वर्षाची खात्री करावी. १९५० पर्यंतच्या अर्ध्या टनी ट्रकना हक पद्धतीचे, तर १९५१ पासून बेंडिक्स पद्धतीचे ब्रेक आहेत. दोहोंचे शू एकमेकांना बसत नाहीत. ड्रम लेथवर घासून घेता येतो. परंतु मूळ व्यासापेक्षा सुमारे दीड मिलिमीटरहून अधिक वाढू देऊ नये, कारण पातळ ड्रम लवकर तापतो व फाकतो.

आरोग्याच्या दृष्टीने एक इशारा येथे देणे आवश्यक आहे. त्या काळातील ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडविण्याची गॅरेजमधील सवय फुप्फुसांना घातक आहे. धूळ ओली करून पुसून घ्यावी व फडके बंद पिशवीत टाकून द्यावे.

काम झाल्यावर पॅडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे असे समजावे. त्यानंतर वाहन रात्रभर उभे ठेवून सकाळी प्रत्येक चाकाच्या आतील बाजूस ओल आहे का, हे पाहावे.

५. वळणे : सुकाणू, पाटे व टायर

पुढील अखंड अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना चाके किंग पिनवर फिरतात. किंग पिन व त्यांचे बुश यांना नियमित ग्रीस लागते आणि दुर्लक्षित ट्रकला नेमके तेच मिळालेले नसते. तपासणीची पद्धत सोपी आहे. ट्रक जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावा, चाक वर व खाली धरून हलवावे. खडखड जाणवल्यास एका साथीदाराला ब्रेक दाबून धरण्यास सांगून पुन्हा हलवावे. आता खडखड थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा, तशीच राहिली तर किंग पिनचा. बेअरिंग जुळविणे जवळजवळ फुकटात होते. किंग पिनसाठी प्रेस आणि रीमरचे काम लागत असल्याने ते चांगल्या वर्कशॉपकडून करून घ्यावे.

नवे भाग मागविण्यापूर्वी प्रत्येक ग्रीस निपल साफ करून, जुने कडक झालेले ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे ग्रीस भरावे. अनेकदा 'सुकाणू जड आहे' ही तक्रार एवढ्यानेच दूर होते. पाट्यांपैकी मुख्य पाटा तुटलेला नाही आणि यू-बोल्ट सैल नाहीत, हेही पाहावे.

टायरच्या बाबतीत खोलवर नक्षी असणे हा पुरावा मानू नये. टायर झिजण्याआधी म्हातारा होऊ शकतो. २००० सालापासून टायरच्या बाजूवर निर्मितीचा चार अंकी संकेत असतो. १४२३ याचा अर्थ २०२३ सालचा चौदावा आठवडा. दहा वर्षांहून जुने, किंवा बाजूला भेगा पडलेले टायर नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावेत. एकाच अ‍ॅक्सलवर एका बाजूला रेडियल व दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीचा आडव्या धाग्यांचा टायर कधीही बसवू नये. जुन्या रिमना नवी ट्यूब व रिमपट्टी घालणेही विसरू नये.

६. दिसणे : सहा व्होल्टची विद्युत प्रणाली

या मालिकेतील ट्रकला सहा व्होल्टची प्रणाली आहे. ती 'कमजोर' आहे असा सार्वत्रिक समज असून अनेक मालक सुरुवातीलाच बारा व्होल्टमध्ये रूपांतर करतात. त्यासाठी बॅटरी, बल्ब, कॉइल, डायनामो किंवा अल्टरनेटर, मीटरचे रोधक असे बरेच बदल करावे लागतात. मूळ दोष मात्र बहुधा जोडण्यांमध्ये असतो.

३० वॅटचा दिवा बारा व्होल्टवर २.५ अँपिअर, तर सहा व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेल्या जोडणीचा रोध ०.१ ओहम धरला, तर बारा व्होल्टच्या वाहनात सुमारे पाव व्होल्ट, म्हणजे दोन टक्के दाब वाया जातो. सहा व्होल्टच्या वाहनात मात्र अर्धा व्होल्ट, म्हणजे आठ टक्के दाब वाया जातो. तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबापेक्षा कितीतरी वेगाने घटत असल्यामुळे या आठ टक्क्यांनी प्रकाश सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. याचा अर्थ असा की, तीच गंजलेली जोडणी सहा व्होल्टवर चौपट महाग पडते. म्हणून बॅटरीची जाड केबल, चासिस व इंजिन यांमधील अर्थ जोडणी आणि प्रत्येक दिव्याचा अर्थ पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय ठरतो. बारा व्होल्टच्या वाहनाची बारीक केबल येथे लावल्यास स्टार्टर आळसावतो आणि दोष विनाकारण बॅटरीवर येतो.

जुन्या तारांवरील कापडी वेष्टन उंदरांनी कुरतडलेले किंवा वाळून गळलेले असल्यास डागडुजी न करता वायरिंग संपूर्ण बदलावे, कारण वाहनाला आग लागण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. मूळ रचनेत मागे डाव्या बाजूस एकच दिवा असे व वळणदर्शक दिवे नसत. आजच्या रहदारीत मागे दोन दिवे, ब्रेक दिवे आणि वळणदर्शक बसविणे हे इतिहासाशी प्रतारणा करणारे नाही. ते मूळ पत्र्याला धक्का न लावता बसविता येतात व पुढे काढताही येतात. सीट बेल्टही मूळ वाहनात नाहीत. ते बसविताना केवळ पातळ फरशीवर विसंबू नये, मागून जाड पोलादी पट्टीचा आधार द्यावा.

७. चालणे : इंधन, शीतन व इंजिन

थांबणे, वळणे व दिसणे यांची व्यवस्था झाल्यानंतरच इंजिनाकडे वळावे. इंजिनची प्राथमिक तपासणी अर्थातच आधी करता येते, परंतु त्यावर खर्च नंतर करावा.

१९५३ पर्यंतच्या अर्ध्या टनी ट्रकमध्ये २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन असे. त्याची वंगणपद्धती आजच्या इंजिनांहून वेगळी आहे. मुख्य बेअरिंगना दाबाने तेल मिळते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना मात्र रॉडच्या तळाशी असलेल्या छोट्या पळ्यांच्या साहाय्याने तेल पोहोचते. ही बेअरिंगे बॅबिट या मऊ मिश्रधातूची असून ती रॉडमध्येच ओतलेली असतात. तेलाच्या तळभांड्यात वर्षानुवर्षांचा गाळ साचला, तर पळ्यांना तेल मिळत नाही व रॉड खटखटू लागतात. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी तळभांडे खोलून गाळ काढणे आवश्यक आहे. एका गॅस्केटच्या व काही तासांच्या श्रमाच्या खर्चात इंजिनाचा मोठा खर्च वाचतो. तेलदाबाचा काटा ३० पौंडांपर्यंतच्या मीटरवर मध्याच्या आसपास राहणे या इंजिनात स्वाभाविक आहे. आधुनिक गाडीशी तुलना करून घाबरण्याचे कारण नाही. १९५४ पासून आलेल्या २३५ घनइंची इंजिनात सर्व बेअरिंगना दाबाने तेल देण्याची व्यवस्था झाली.

जाम वाटणारे इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि नंतर हाताने सावकाश फिरवावे. घाई केल्यास अडकलेली रिंग तुटते किंवा व्हॉल्व्हचा दांडा वाकतो. इंजिन मोकळे झाल्यावर सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एकूण आकड्यापेक्षा सहा सिलिंडरांमधील समानता अधिक महत्त्वाची असते.

इंधन टाकीबाबत विशेष दक्षता हवी. १९४९ पासून या ट्रकची टाकी केबिनमध्ये, चालकाच्या आसनामागे बसविलेली आहे. तेथे गळती म्हणजे चालकाच्या पाठीशी पेट्रोलची वाफ. जुन्या पेट्रोलचा चिकट थर व गंज काढण्यासाठी टाकी उतरवून रेडिएटर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून धुऊन घ्यावी. टाकीवर घरगुती वेल्डिंगचा प्रयोग कदापि करू नये, कारण रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. अमेरिकेत ते सामान्यतः दहा टक्के आहे, तर भारतात वीस टक्के मिश्रणाची विक्री २०२३ पासून सुरू झाली. इथेनॉल ओलावा शोषते व जुन्या रबराला सुजविते. त्यामुळे पंपाचा पडदा, नळ्या व कार्ब्युरेटरचे गॅस्केट इथेनॉल सहन करणाऱ्या द्रव्याचे घ्यावेत. शिसेविरहित पेट्रोलमुळे व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात ही भीती मात्र हलक्या वापरात फारशी खरी ठरत नाही. त्यासाठी आरंभीच हेड उतरविण्याचा खर्च करू नये.

गिअर बॉक्समध्ये तेल भरताना डब्यावरील वर्ग पाहावा. जीएल-५ वर्गातील काही तेलांमधील गंधकयुक्त घटक पितळी कड्यांना बाधक ठरतात, म्हणून जुन्या गिअर बॉक्सला जीएल-४ वर्गाचे तेल सुरक्षित होय.

शेवटी वेगाचा प्रश्न. या ट्रकच्या मागील अ‍ॅक्सलचे गुणोत्तर बहुधा ४.११ असे आहे. त्यामुळे ताशी ८० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेते. बॅबिट बेअरिंगांसाठी दीर्घकाळ याहून अधिक वेग हितावह नाही. ताशी ६० ते ७० किलोमीटर हीच त्याची नैसर्गिक चाल होय. वाहनाची मर्यादा ओळखून चालविणे हाही अल्प खर्चाचाच एक भाग आहे.

८. खर्चाचे नियोजन

वाहनाच्या किमतीव्यतिरिक्त जी रक्कम उपलब्ध आहे ती शंभर भाग मानल्यास पुढील विभागणी मार्गदर्शक म्हणून सुचविता येईल : ब्रेक ३०, टायर व सुकाणू २५, विद्युत प्रणाली १०, इंधन-शीतन-इंजिन १५ आणि राखीव २०. रंगकामासाठी पहिल्या टप्प्यात एकही भाग ठेवलेला नाही, हे येथे लक्षात घ्यावे. वाहनपरत्वे ही प्रमाणे बदलतील, परंतु राखीव रक्कम आधीच कोणत्याही कामात गुंतवू नये.

बचत कोठे करावी व कोठे करू नये, याचा निकष सोपा आहे. ज्या कामात आपले श्रम लागतात तेथे बचत करावी. खरवडणे, धुणे, ग्रीसिंग, गॅस्केट कापणे, जोडण्या साफ करणे ही कामे वेळखाऊ असली तरी स्वतः करता येतात. ज्या भागाच्या अपयशाने जीव जाऊ शकतो तेथे बचत करू नये. ब्रेकचे रबर, नळ्या, टायर, टाय रॉडचे सांधे व इंधनाच्या नळ्या नव्याच घ्याव्यात. भंगार बाजारातून दाराचे हँडल घेणे शहाणपणाचे आहे, व्हील सिलिंडर घेणे नव्हे.

अर्थशास्त्र व मानसशास्त्र यांच्या अभ्यासकांना परिचित असलेला 'बुडीत खर्चाचा' मोह येथे प्रकर्षाने आढळतो. आर्क्स व ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या गोष्टीत आधी पैसा गुंतलेला असला की माणूस ती पुढे रेटण्याकडे अधिक झुकतो. इंजिनावर आधी मोठा खर्च झाला की 'आता थोडक्यासाठी कशाला थांबायचे' या भावनेने अपुऱ्या ब्रेकचे वाहन रस्त्यावर आणले जाते. क्रम उलटा ठेवल्यास हा धोका टळतो. ब्रेक व टायर पूर्ण झाले आणि पैसा संपला, तर वाहन निमूटपणे उभे राहते व कोणाचेही नुकसान होत नाही. याउलट, इंजिन पूर्ण झाले आणि ब्रेकच्या वेळी पैसा संपला, तर वाहन चालू शकते पण थांबू शकत नाही. प्रस्तुत लेखातील मुख्य प्रतिपादन एवढेच आहे.

९. कायदेशीर बाजू

अमेरिकेत संघराज्यीय सुरक्षा मानके १९६८ पासून नव्या वाहनांना लागू झाली. त्याआधी बनलेल्या ट्रकवर ती मागे जाऊन लादलेली नाहीत. जुन्या वाहनांसाठी राज्याराज्यांत वेगळ्या नोंदणीची सोय असून तिच्याबरोबर वापरावर मर्यादा येतात. कायद्याने सूट दिली म्हणून भौतिकशास्त्र सूट देत नाही, हे मात्र मालकाने ध्यानात ठेवावे.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत. २०२१ मध्ये या नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या व मोठे फेरबदल न केलेल्या वाहनांना तीत वेगळ्या नोंदणीची सोय आहे. मात्र अशी वाहने नेहमीच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. मालवाहू म्हणून नोंदलेल्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्राचा प्रश्नही असतो. त्यामुळे पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी आपले वाहन नेमके कोणत्या वर्गात बसते, याची प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी खात्री करून घेणे हिताचे ठरते.

१०. अध्यापनाच्या दृष्टीने

असा एखादा ट्रक महाविद्यालयाच्या आवारात असणे अनेक विद्याशाखांना उपयुक्त ठरू शकते. भौतिकशास्त्राला गतिज ऊर्जा व ओहमचा नियम, रसायनशास्त्राला गंज व इंधन, वाणिज्य शाखेला प्रकल्पखर्च, इतिहासाला ग्रामीण वाहतूक आणि विधी शाखेला नोंदणीचे नियम असे विषय त्यातून प्रत्यक्ष शिकविता येतात. ड्रम घासणारा लेथ कारागीर, कार्ब्युरेटर कानाने जुळविणारा मिस्त्री, बॅबिट ओतणारा जाणकार यांचे कौशल्य ग्रंथांत फारसे नोंदलेले नाही. विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर काम करून ते लिहून ठेवल्यास तेही एक प्रकारचे जतनच ठरेल.

निष्कर्ष

१) दुर्लक्षित जुना पिकअप ट्रक रस्त्यायोग्य करणे हे जीर्णोद्धारापेक्षा वेगळे, मर्यादित व अल्प खर्चात साध्य होणारे उद्दिष्ट आहे.
२) चासिस व कागदपत्रे यांची खरेदीपूर्व पाहणी हीच सर्वांत मोठी बचत होय.
३) थांबणे, वळणे, दिसणे व चालणे हा क्रम पाळल्यास पैसा कोणत्याही टप्प्यावर संपला तरी वाहन धोकादायक अवस्थेत रस्त्यावर येत नाही.
४) एकेरी मास्टर सिलिंडर असलेल्या वाहनात ब्रेक प्रणालीची तुकड्यातुकड्यांनी दुरुस्ती करणे अयोग्य आहे.
५) सहा व्होल्ट प्रणाली, शिसेविरहित पेट्रोल यांविषयीचे अनेक प्रचलित समज अनावश्यक खर्चास कारणीभूत ठरतात, मूळ कारण समजून घेतल्यास तो टाळता येतो.
६) जुन्या रंगाचा, पोचे पडलेला परंतु खात्रीने थांबणारा ट्रक हा जतनाचा, काटकसरीचा व सामाजिक जबाबदारीचा एकाच वेळी आदर करणारा पर्याय आहे.